रीळ राहू द्या, काठी घ्या

वाचकांचे प्रश्न : सुट्टी, तंबू आणि गळ

तलावाकाठी तंबूत राहायला निघालेल्या घरांतून या वेळी गळाच्या मासेमारीबद्दल बरीच पत्रं आली. बहुतेकांच्या घरी याआधी कुणी गळ हातात धरलेला नाही, आणि काहींनी तर प्रश्न विचारायच्या आधीच भलंमोठं रीळ (काठीवर बसवायची, दोरा गुंडाळायची चक्री) विकत घेऊन ठेवलंय. पत्रं थोडी छाटून इथे दिली आहेत.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात. पवनेच्या काठी दोन रात्रींचा मुक्काम आहे. ऑनलाइन रीळसकट सेट मिळतात, ते घ्यावेत का? आम्ही दोघं नवराबायको यात अगदीच कोरे आहोत. — एक बाबा, चिंचवड

दोन्ही मुलांना रीळ नको. रिळाच्या काठीने गळ फेकताना दोरा बोटाने धरायचा, रिळाची कडी उघडायची आणि नेमक्या क्षणी बोट सोडायचं, एवढं एका झटक्यात जमावं लागतं. सात वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) सैल सुटतो, रिळावर त्याचा गुंता होतो आणि बाबा अर्धी सकाळ गुंता सोडवत बसतात. शिवाय लांब फेकून उपयोगही नाही. मुलांच्या गळाला लागणारी मासळी, म्हणजे लहान चिलापी (तिलापिया) आणि तिच्याबरोबरची बारीकसारीक मासळी, काठापासून आठ-दहा फुटांत चरत असते. नवशिके हात हलवत परततात ते बहुतेकदा मोठ्या गळाने, लांबच्या पाण्यात, मोठ्या माशाची वाट बघत बसल्यामुळे.

साधी काठी घ्या. मुलाला ७ फुटांची, मुलीला ९ फुटांची. बांबू पुरेसा वाळलेला हवा. ओला बांबू जड असतो आणि शेंड्याला लुळा पडतो. बुंध्याशी अंगठ्याएवढी आणि शेंड्याशी पेन्सिलीपेक्षा बारीक काठी मुलांच्या हातात बसते. दुकानात बिनरिळाची घडीची काठीही मिळते, तीही चांगली. मात्र ती कार्बनची असेल तर तिच्यातून वीज वाहते, हे लक्षात ठेवा. वरून विजेच्या तारा गेल्या असतील तिथे ती उभी करायची नाही आणि ढग गडगडायला लागले की आधी ती खाली ठेवायची.

तंगूस ०.२० मिलिमीटर जाडीचा. तो तीन किलोच्या आसपास ताण सोसतो, यापेक्षा जास्तीची गरज नाही. लांबी काठीएवढी किंवा वीतभर कमी. यामागे कारण आहे : दोरा काठीएवढा असला की काठी उभी करताच मासा सरळ हातात येतो. दोरा लांब ठेवला तर मासा झोका घेत मागे जातो, आणि मागे बहुधा धाकटं भावंड उभं असतं. दोरा नुसता शेंड्याला बांधू नका. शेंड्यापासून दीड फूट खाली पहिली गाठ मारा, मग दोरा काठीला विळखे देत वर न्या आणि शेंड्याला दुसरी गाठ मारा. शेंडा मोडला तरी मासा आणि दोरा तुमच्याकडेच राहतात.

गळ १० किंवा १२ नंबरचे. नंबर जितका मोठा तितका गळ लहान. गावच्या दुकानात सुटे गळ घेतलेत तर नंबरावर विसंबू नका, गळाचं टोक आणि दांडी यांतली फट बघा. पाच-सहा मिलिमीटर पुरे. डझनभर घ्या, कारण निम्मे पाण्यातल्या झुडपांना जातात. घरीच पकडीने प्रत्येक गळाचा टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट करा. मासा थोडे जास्त वेळा सुटेल, पण बोटात गेलेला गळ आल्या वाटेने निघेल.

बाकी लागतं ते एवढंच : तरंग (मासा लागल्याची खूण देणारा, पाण्यावर तरंगणारा तुकडा), वजन, पकड, छोटी कात्री, जुना पंचा, झाकणाची बादली.

प्रश्न : दुकानदाराने तरंग, शिशाचे मणी, गळ असं सगळं सुटं दिलं. ते दोऱ्यावर कुठे आणि कसं लावायचं? गाठ मारली की सुटते. — एक आई, नाशिक

गाठ सुटते कारण नायलॉन गुळगुळीत असतो, सुतळीची गाठ त्याला चालत नाही. दोऱ्याचं टोक गळाच्या नेढ्यातून ओवा आणि चार बोटं बाहेर काढा. हे टोक मूळ दोऱ्याभोवती ५-६ वेळा गुंडाळा. आता नेढ्याजवळ जी छोटीशी फट उरते तिच्यातून टोक आत घाला, आणि त्यामुळे जो मोठा फास तयार होतो त्यातूनही बाहेर काढा. गाठ पाण्याने किंवा थुंकीने ओली करा आणि मग हळूहळू ओढा. कोरडी ओढली तर घर्षणाने तापून तंगूस तिथेच कमजोर होतो, मग मासा लागल्यावर दोरा नेमका गाठीपाशी तुटतो. उरलेलं टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा. दहा वर्षांच्या मुलाला ही गाठ स्वयंपाकघरात, जाड सुतळी आणि कपाटाची कडी घेऊन शिकवा. काठावर वारा असतो, तिथे शिकवणं अवघड.

वजन गळापासून वीतभर वर. शिशाचे मणी दाताने चावून बसवायची पद्धत सर्रास दिसते. ती बंद करा, मुलांसमोर तर नक्कीच. शिसं विषारी आहे आणि मुलं बघितलेलं लगेच करतात. पकडीने दाबा आणि नंतर हात साबणाने धुवा. शिशाऐवजी लोखंडाचा छोटा नट बांधला तरी काम होतं.

तरंग ज्वारीच्या धांड्याचा करता येतो. दोन इंचांचा वाळका तुकडा घ्या, मधल्या भेंडातून सुई आरपार घालून दोरा ओवा आणि काडीची पाचर मारा. पाचर सैल करून तरंग वरखाली सरकवता येतो. थर्मोकोल नको, तो चुरा होऊन तलावात राहतो.

आता खरी मेख. तरंग पाण्यावर आडवा तरंगत असेल किंवा बराचसा वर राहत असेल तर वजन कमी आहे. मासा आमिष तोंडात घेतो, त्याला वरून ओढ जाणवते आणि तो थुंकून टाकतो. वजन थोडं थोडं वाढवत न्या. तरंग उभा राहिला पाहिजे आणि त्याचा जेमतेम चौथा हिस्सा पाण्याबाहेर दिसला पाहिजे.

मग खोली. तरंग गळापासून दोन फुटांवर ठेवून सुरुवात करा आणि बिनआमिषाचा गळ पाण्यात सोडा. तरंग उभा राहिला तर गळ अधांतरी आहे, तरंग चार बोटं वर सरकवा. तरंग आडवा पडला म्हणजे वजन तळाला टेकलं. तिथून पुन्हा तो वीतभराहून जरा जास्त खाली घ्या, म्हणजे आमिष तळाच्या जरा वर झुलत राहील. चिलापी बहुतेक वेळा तिथेच खाते. प्रत्येक नव्या जागी हे माप पुन्हा घ्यावं लागतं, आणि मुलांना या खेळात माशाइतकीच मजा येते.

प्रश्न : आमच्याकडे गांडूळ हातात धरायला कुणीच तयार नाही. कणकेचे गोळे लावले तर ते पाण्यात पडताच विरघळले. — सोलापूर

गांडुळाला (कोकणात काडू) खरं तर तोड नाही, पण कणकेवरही चिलापी आणि रोहू लागतात. तुमची कणीक पोळीची होती, म्हणून विरघळली. एक वाटी कणीक, दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट आणि दोन ठेचलेल्या लसूणपाकळ्या घ्या. पाणी चमच्या-चमच्याने घालत पुरीपेक्षाही घट्ट मळा. कूट जास्त घालायचा मोह होतो, कारण वास छान येतो. पण तेल सुटलं की कणकेचा चिवटपणा जातो. गोळा चपटा करून उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मग गार पाण्यात टाका. आता तो रबरासारखा होतो. तरीही सुटत असेल तर मळताना कापसाचे चारदोन बारीक तंतू पसरून घाला.

गळाला लावायचा गोळा हरभऱ्याच्या डाळीएवढा. सुपारीएवढा गोळा लावला की चिलापीचं पिल्लू कडेकडेने तो कुरतडून नेतं, तरंग नुसता थरथरतो आणि मुलं उगाच काठी ओढत राहतात. चिलापीचं तोंड लहान असतं, हे विसरू नका. गळाचं टोक गोळ्याबाहेर जरा दिसलं तरी चालतं.

पाण्यात थोडा चारा टाकला तर मासे जागेवर थांबतात. तांदळाचा कोंडा ओला करून लिंबाएवढा गोळा, वीस मिनिटांतून एकदा, तरंगाच्या आसपास. त्याहून जास्त नको, पोट भरलेला मासा गळाकडे कशाला येईल?

गांडुळं मिळाली तर ओल्या मातीसकट, भोकं पाडलेल्या डब्यात, सावलीत ठेवा. गाडीच्या काचेमागे ठेवलेला डबा दुपारपर्यंत संपला म्हणून समजा.

प्रश्न : डिसेंबरात पहाटे पाचला मुलांना उठवून बसवलं, कारण मासेमारी पहाटेच करतात असं ऐकलं होतं. आठपर्यंत तरंग हलला नाही. मुलं वैतागली. चुकलं काय? — ठाणे

महिना चुकला. पहाटेचा सल्ला उन्हाळ्याचा आहे. चिलापी मूळची आफ्रिकेची, आपल्याकडे १९५२ साली आणलेली; तिला ऊबदार पाणी लागतं. पाण्याचं तापमान २० अंशांच्या आसपास उतरलं की तिचं खाणं मंदावतं. मावळातल्या डिसेंबरात पहाटे काठाजवळचं उथळ पाणी सगळ्यात गार असतं. हिवाळ्यात मुलांना निवांत झोपू द्या, पोहे खाऊ द्या आणि दहानंतर उन्हाच्या काठावर बसवा. दुपारी बारा ते चार ही वेळ उत्तम. मार्च ते मे मात्र उलट : सकाळी नऊपर्यंत, नाहीतर दुपारी साडेचारनंतर. मधल्या वेळेत मासा खोल जातो आणि मुलांना ऊन लागतं.

दुसरं असं, की तंबूवाल्यांच्या गाण्यांना सगळे दोष देतात, पण हवेतला आवाज पाण्यात फारसा उतरत नाही. माशाला कळतात ते काठावरचे धप्प पाय आणि पाण्यावर पडणारी सावली. सूर्य पाठीशी असेल तर तुमची सावली थेट तरंगावर पडते. दोन पावलं मागे सरका, बसा, आणि मुलांना काठावर पळापळी करू देऊ नका. हा नियम दुसऱ्याही एका कारणासाठी लागतोच, ते पुढच्या उत्तरात.

तरंग वाचायलाही शिकवा. नुसता थरथरला तर थांबा, बारीक मासळी टोचतेय. तिरका होऊन सरकायला लागला किंवा गडप झाला की मनगटाने काठी हलकी उचला. आणि उभा तरंग अचानक आडवा झाला, तर आमिष घेऊन मासा वर आलाय, तेव्हाही उचला. खांद्यातून हिसका देण्याची गरज कधीच नसते. हिसक्याने गळ माशाच्या तोंडातून सुटून झाडावर, नाहीतर कुणाच्या तरी तोंडावर येतो.

प्रश्न : मोठा आठ वर्षांचा, धाकटी चार. दोघांना पोहता येत नाही. आजी म्हणते मुलांना पाण्याजवळ नेऊच नका. — डोंबिवली

आजींची काळजी रास्त आहे. पण काय काळजी घ्यायची ते ठरवलं तर न्यायला हरकत नाही.

धरणाचा काठ म्हणजे समुद्रकिनारा नव्हे. पाण्याखाली जुनी शेतं, त्यांचे बांध, ओढ्यांची पात्रं आणि बुडालेल्या विहिरीही आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट खड्ड्यात पडू शकतं. म्हणून मुलांनी पाण्यात उतरून गळ टाकायचा नाही, पाय भिजवण्यापुरतंही नाही. काठीची लांबी त्यासाठीच आहे.

दुसरा धोका गाळाचा. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि रुंद पट्टा उघडा पडतो. वरून भेगा पडलेला, वाळलेला दिसतो. खाली गाळ ओला असतो आणि मूल गुडघ्यापर्यंत रुतून बसतं. मुरमाड किंवा खडकाळ काठ निवडा, आधी स्वतः चालून बघा, काठी खुपसून बघा. ओला, शेवाळलेला खडकही टाळाच.

तिसरा : धरणाच्या भिंतीखाली, नदीच्या पात्रात मुलांना घेऊन बसू नका. पाणी सोडताना भोंगा वाजतो, पण पात्राच्या मधल्या खडकावरून दोन मुलांना घेऊन परत यायला तेवढा वेळ पुरत नाही.

चौथा प्रदेशानुसार. सांगलीकडे कृष्णेत, महाडला सावित्रीत, चिपळूणला वाशिष्ठीत मगरी आहेत. मुंबईच्या पवई तलावातसुद्धा आहेत. अशा पाण्याच्या कडेला मुलांना बसवायचं नाही. बाकी ठिकाणी गावातल्या माणसाला विचारा.

लाइफ जॅकेट दोघांनाही, तंबूतून निघताना घालायचं आणि परत आल्यावर काढायचं. वजनानुसार माप घ्या. घातल्यावर जॅकेट दोन्ही खांद्यांपाशी धरून मुलाला वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे आणि पाण्यात मूल खालून निसटेल. चार वर्षांच्या मुलीच्या जॅकेटला पायांमधून येणारा पट्टा हवाच. हवा भरलेले टायर आणि दंडावरचे फुगे खेळण्यासाठी असतात, जीव वाचवण्यासाठी नसतात. तंबूवाले जॅकेट देतात, पण ती बहुधा मोठ्या माणसांच्या मापाची असतात, तेव्हा स्वतःचं न्या.

एका मुलामागे एक मोठं माणूस, हाताच्या अंतरावर, मोबाइल खिशात. ज्याच्याकडे पहारा आहे त्याने स्वतः गळ टाकायचा नाही. संध्याकाळी दारूची पार्टी ठरली असेल तर गळ त्याआधीच आवरलेले असले पाहिजेत.

चार वर्षांची मुलगी वीस मिनिटं बसेल, मग उठेल. तिला बादलीतल्या माशांची राखण, चाऱ्याचे गोळे वळणं, तरंगावर नजर ठेवून ओरडणं अशी कामं द्या. आठ वर्षांच्या मुलाला तासभर पुरे.

प्रश्न : राधानगरी किंवा कोयनेकडे जायचा विचार आहे. गळ टाकायला परवानगी लागते का? दोनचार मासे तर धरायचे. — कोल्हापूर

हे दोन्ही भाग अभयारण्यांचे आहेत. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीवाचून मासे धरणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो, दोन मासे असोत की वीस. हद्द काठावर रंगवलेली नसते. वन विभागाच्या नाक्यावर विचारा, आणि ते नाही म्हणाले तर गळ गाडीतच राहू द्या. कळसूबाई-हरिश्चंद्रगड भागात जाणाऱ्यांनीही तेच करावं.

इतर जलाशयांवर प्रश्न वेगळा. महाराष्ट्रात बहुतेक धरणांवरचे मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. रोहू-कटल्याचं बीज संस्थेने पैसे घालून सोडलेलं असतं, म्हणजे पाणी सरकारचं असलं तरी मासा कुणाच्या तरी पोटापाण्याचा असतो. संस्थेच्या माणसाला भेटा, मुलांना घेऊन काठीने दोन तास बसायचंय म्हणून सांगा, ते मागतील ती फी द्या. तेच तुम्हाला जागाही दाखवतात. मात्र तंबूवाल्याची परवानगी ही मासेमारीची परवानगी नव्हे. खासगी कंपन्यांच्या धरणांवर आणि पिण्याच्या पाण्याच्या काही तलावांवर सरसकट मनाई असते, तिथे पाटी वाचा. गावतळं असेल तर ग्रामपंचायतीत विचारा.

देवाचे डोह वेगळेच. महाड तालुक्यातली वाळण कोंड, वाडा तालुक्यातलं वैतरणेवरचं तिळसे इथले महसीर मासे लोकांनी श्रद्धेने राखलेत. मुलांना तिथे जरूर न्या, पण हाताने खाऊ घालायला.

प्रश्न : गळ बोटात घुसला तर? आणि काटा मारणारे मासे कोणते? — अहिल्यानगर

उलटा काटा सपाट केलेला असेल तर गळ ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने, त्याच्या वळणाप्रमाणे फिरवत मागे घ्या, जखम साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा. काटा शाबूत असेल आणि आत गेला असेल तर ओढाओढी नको. दोरा कापा, गळ हलू नये म्हणून चिकटपट्टीने बोटाला बांधा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. धनुर्वाताची लस कधी दिली होती ते निघतानाच लिहून घ्या, डॉक्टर विचारतातच. गळ डोळ्याजवळ किंवा डोळ्यात गेला असेल तर हातसुद्धा लावू नका. कागदी कप उपडा ठेवून डोळा झाका, दाब येऊ देऊ नका, आणि सरळ मोठं रुग्णालय गाठा. हे टाळायचा उपाय स्वस्त आहे : मुलांना साधा चष्मा किंवा गॉगल आणि टोपी घाला.

काटा मारणाऱ्यांत शिंगी सगळ्यात वाईट. काळपट, लांबट, मिशांचा, बिनखवल्यांचा मासा. कल्ल्यांमागच्या दोन्ही काट्यांत विष असतं. मुलांना एकच नियम शिकवा : मिशा दिसल्या की हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची. मोठ्यांनीही त्याला पकडीने धरूनच सोडवावं, किंवा दोरा कापावा. काटा लागलाच तर जखम सोसेल एवढ्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आतच, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने ठणका उतरतो. पाणी किती गरम आहे ते आपल्या हाताने बघा. ज्याला लागलंय त्याला दुखण्यात चटका कळत नाही. सूज चढत गेली किंवा काट्याचा तुकडा आत राहिला तर डॉक्टरकडे जा.

चिलापीच्या पाठीवरही काटे आहेत, पण बिनविषारी. ओल्या हाताने डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत धरलं की काटे आडवे होतात.

प्रश्न : धरलेले मासे सोडावेत की खावेत? घरात यावरून दोन तट आहेत. — पुणे

तट मोडायला मापाचा एक साधा नियम पुरतो : वीतभरापेक्षा लहान मासा परत, मोठा ताटात. चिलापी आपल्याकडची मूळची नव्हे आणि तिची वीण भरमसाट, त्यामुळे ती खाल्ली म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. महसीर मात्र लहान असो वा मोठा, परत सोडा.

सोडायचा मासा कोरड्या हाताने धरायचा नाही. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की त्याला बुरशी धरते. हात ओले करा, मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढा, फोटो दहा सेकंदांत. गळ घशात खोल गेला असेल तर खेचू नका, दोरा तोंडाशी कापून मासा सोडा. मादी चिलापी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. हातात घेताच तोंडातून पिवळसर दाणे किंवा पिल्लं सांडली तर तिला लगेच पाण्यात ठेवा. मुलांनी हे एकदा बघितलं की पुढची चिलापी ती स्वतःहून तपासतात.

खायचा मासा बादलीत तडफडत ठेवू नका. डोक्यावर, डोळ्यांच्या जरा मागे, लाकडी दांडक्याचा एक नेमका फटका द्या, मग बर्फात. माशाच्या वजनाएवढा बर्फ हवा. मे महिन्यात बर्फाशिवाय ठेवलेला मासा तासाभरातच मऊ पडू लागतो. खवले शेपटीकडून डोक्याकडे खरवडा. पोट साफ करताना आतलं काळं अस्तर पंच्याने पुसून काढा. चिलापी कडवट लागते असं लोक म्हणतात, त्यात या अस्तराचाही वाटा असतो. मग मीठ-हळद, पंधरा मिनिटांनी तिखट-आगळ, रव्यात घोळवून तव्यावर. सफाई तंबूपासून लांब करा आणि आतडी खड्ड्यात पुरा, नाहीतर रात्री कुत्री तंबूभोवती फिरतात.

शहरातल्या तलावातले, सांडपाणी येणाऱ्या नदीतले आणि हिरवट साय धरलेल्या पाण्यातले मासे धरायला हरकत नाही, खायला आहे.

प्रश्न : जूनमध्ये वलगणीचे मासे धरायला मुलांना नेलं तर? गावी सगळेच जातात. — पेण

नेऊ नका. पहिल्या पावसात वर चढणारे मासे अंडी घालायला निघालेले असतात, गाभोळीने भरलेले. आणि ओढ्याचं पाणी वरच्या डोंगरावरच्या पावसाने वाढतं. तुमच्या डोक्यावर थेंब नसला तरी घोट्याचं पाणी काही मिनिटांत कमरेला येतं.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. मेअखेरच्या शाळेच्या सुट्टीत नदीकाठी तंबू टाकणार आहोत. मुलं ९ आणि १४ वर्षांची. तिथे काय लागेल?

तुमच्या बेतात एक अडचण आहे. इंग्लंडमधल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गोड्या पाण्यातल्या साध्या मासळीसाठी (म्हणजे ट्राउट आणि सामन सोडून बाकीच्या) बंदीकाळ असतो, आणि मेअखेरची सुट्टी नेमकी त्यात येते. त्या आठवड्यात नदीऐवजी दिवसाची फी घेणारा खासगी तलाव शोधा. बहुतेक तलावांना हा बंदीकाळ लागू नाही, तरी मालकाला विचारून घ्या. सरकारी रॉड लायसन्स १३ वर्षांखालील मुलांना लागत नाही. १३ ते १६ वयाला ते फुकट आहे, पण काढावं लागतं, म्हणजे थोरल्याच्या नावाने ऑनलाइन नोंद करा. तुम्ही स्वतः काठी धरणार असाल तर तुम्हाला विकत घ्यावं लागेल. तलावाचं तिकीट त्याशिवाय वेगळं.

तिथल्या तलावांवर मासे परत सोडायचा रिवाज आहे. बऱ्याच ठिकाणी बिनकाट्याचा गळ आणि हातजाळी सक्तीची असते, काही ठिकाणी जाळी त्यांचीच वापरावी लागते. तेव्हा रवा आणि आगळ घरीच ठेवा. बाकी काठी, तरंग आणि खोलीचं माप वर नाशिकच्या आईंना सांगितलंय तसंच. आमिषाला तिथल्या दुकानात पांढऱ्या अळ्या मिळतात. १६ नंबरच्या गळाला दोन लावा.